अण्णांची बाग पाहायला गेले तेव्हा

प्रिय अण्णा,

तुम्ही असताना तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण काल तुमची बाग पाहून आले आणि तिथे जे कळलं, ते घरात सांगायची हिंमत झालेली नाही.

संग्रहालयात माळी म्हणून लागल्यापासून सात वर्षं म्हणत होतात, "पल्लू, आमचं संग्रहालय एकदा बघून जा गं." नाशिकच्याच द्वारका चौकातल्या माझ्या कुरिअर ऑफिसातून रिक्षाने कितीसा वेळ लागतो? पण मी म्हणायचे, जुनी घरं काय बघायची! काल आले, तेही तुमचं सामान न्यायला.

वॉचमन सखारामकाकांनी सगळं हिंडून दाखवलं. जुन्या नाशिकची ती घरं, कुणा वैद्याचं, कुणा तांबटाचं. आत कुणी वस्तूंना हात लावू नये म्हणून दोऱ्या बांधलेल्या, भिंतीवर माहितीच्या पाट्या. आणि घरांच्या मागे तुमची बाग. सायखेड्याच्या आपल्या मळ्यातली शेवंती तुम्ही इथे आणून लावलीत? हे सगळं एकट्याने केलंत? मला वाटायचं, तुम्ही नुसतं झाडांना पाणी घालता!

वैद्याच्या घरामागच्या पायरीशी काका थांबले.

"इथंच बसले होते, छाती धरून. मी म्हणलं, रिक्षा आणतो. तर म्हणे, नको, आधी पोरीला फोन लाव. तू उचलला नाय. परत लावला. म्हणे, कामात असंल, बघंल अन् येईल. अर्धा तास तुझी वाट बघितली. मग मीच उचलून नेलं, पण लय उशीर झाला होता."

अर्धा तास! हे मला माहीतच नव्हतं.

अण्णा, मी कामात नव्हते. चहा पीत होते. तुमचं नाव दिसलं आणि मी मोबाईल पालथा घातला. रोज चारला तुमचा फोन यायचा. आज अनंताला कळी आली, आज शेवंती फुलली. मला कंटाळा आला होता. दुसरं काहीच कारण नव्हतं.

पण तुम्ही का थांबलात? रिक्षात बसून फोन करता आला नसता? राग येतो तुमचा, आणि रागवायला मला तोंड नाही.

आईला सांगितलंय, मोबाईल चार्जिंगला लावला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगते, "पोरीला कळलं असतं तर धावत गेली असती." मी खाली मान घालून चहाचे कप गोळा करत राहते.

तुमचा सदरा आणि चपला पिशवीतून आणल्यात. आईने पिशवीला अजून हात लावलेला नाही.

रविवारी तिला घेऊन येते. त्याच पायरीवर बसवून खरं काय ते सांगेन. ती हात उगारेल, किंवा बोलणंच टाकेल माझ्याशी. टाकू दे. पण माझं खोटं तिने लोकांना सांगत फिरावं, हे यापुढे होऊ देणार नाही. शब्द देते, अण्णा.

तुमची,
पल्लू