डुप्लिकेट माईक

३ फेब्रुवारी, नायगाव
नोकरी लागली! वैजनाथमामांच्या साउंड सर्व्हिसमध्ये आवाज द्यायचा. मी बोललेलं रिक्षावरच्या भोंग्यातून गावोगाव फिरणार: लसीकरण, बैलबाजार, निधनवार्ता. खोलीही मिळाली, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ज्योत्स्नाला आठवा महिना, ती नांदेडला माहेरी आहे. बाळंत झाली की दोघांना इकडेच आणणार. खटकलं एवढंच, की माईक डुप्लिकेट आहे. नावाजलेल्या कंपनीचा हुबेहूब, पण पाव किमतीत. मी नाक मुरडलं तर मामा हसून म्हणाले, “गावाला आवाज पायजे, कंपनी न्हाई.”

६ फेब्रुवारी
शेषेराव गुरुजींची निधनवार्ता रेकॉर्ड केली. ऐकून बघतो तर तिच्यामागून माझ्याच आवाजात दुसरी: कोंडाबाई, वय सदुसष्ट, पश्चात दोन मुलं. मी हे बोललोच नव्हतो! कोंडाबाई म्हणजे दुकानासमोरची चहावाली. सकाळीच तिच्या हातचा चहा प्यालो होतो. पुसून टाकलं. स्वस्तातला माल, दुसरं काय.

८ फेब्रुवारी
कोंडाबाई गेली. मामांनी मजकूर लिहून दिला. वय, मुलं, अक्षरन् अक्षर तेच.

१० फेब्रुवारी
आज लसीकरणाचं बोललो. मागून व्यंकटीचं नाव आलं. आमचा रिक्षावाला. हातापाया पडून त्याला घरी बसवलं.

११ फेब्रुवारी
व्यंकटी घरातच पडला. पाय घसरून. संपला. मामांना सगळं सांगितलं, माईक फेका म्हणालो. ते चिडले. स्वस्ताला नावं ठेवायची तुम्हा नांदेडवाल्यांना खोडच हाय, म्हणाले.

१२ फेब्रुवारी
भीती वाटते. नुसतं ‘हॅलो, चेक’ म्हणालो. ऐकलं.
अश्वजित, वय एकोणतीस — मीच. पश्चात पत्नी आणि एक मुलगी.
मुलगी कुठली? अजून मूलच नाही. महिना बाकी आहे. मुलगा झाला तर हे सगळं खोटं. डुप्लिकेटच आहे ना तो, चुकेल. चुकायलाच हवा.

१३, दुपार
सासूबाईंचा फोन. रडत, हसत. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. दोघी सुखरूप आहेत म्हणाल्या.
दोघी.
फोटो आला. केस भरपूर. नाक माझं. इतका आनंद झाला, आणि —
नांदेडची बस चारला. चौकात भोंगा सुरू झालाय. मामा तर समोर बसलेत, रिक्षा दारात उभी — आवाज माझाच —
नाव सांगून झालं. वय —
एकदा तिला हातात घेऊ दे, मग