पुसलेल्या नळ्यांची हकिकत

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या एका जागी न टिकणाऱ्या भाचीचा साष्टांग नमस्कार (एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून आले). तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इथे माझं उत्तम चाललंय असं लिहिणार होते, पण तुला थापा पचत नाहीत.

तर मी इथे जिचा कोर्स करतेय ती ग्लायकोबायॉलॉजी म्हणजे पेशींच्या अंगावर असतात त्या साखरेच्या साखळ्यांचं शास्त्र. चहातल्या साखरेशी त्यांचं नातं आहे, पण लग्नाच्या यादीत शेवटी आठवणाऱ्या नातेवाइकांइतपतच. या साखळ्या वहीत मांडायच्या तर पिवळा गोल, हिरवा गोल, निळा चौकोन, लाल त्रिकोण अशा ठरलेल्या खुणा असतात. माझी वही बघून घरमालकिणीला वाटलं की मी बालवाडीचा कोर्स करतेय. नातवाला शिकवणीला पाठवू का, असं विचारत होती. (मी नाही म्हटलं नाही. पुढचं कोणी सांगावं?) कारण तुला माहीत आहेच: कोर्सच्या शेवटी आमच्या तुकडीतल्या एकालाच संशोधनासाठी ठेवून घेतात, आणि तू मध्ये पडून बाबांशी जी तडजोड केलीस ती अशी, की जागा मिळाली तर मी इथे, नाहीतर आपल्या कागदाच्या दुकानात गल्ल्यावर. दिवसभर गल्ल्यावर बसायचं, आत्या. मी.

गल्ला टाळायला आले आणि आगीतून फुफाट्यात पडले. इथलं सगळं शिक्षणच बसून राहण्याचं आहे. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाला चिकटलेली साखळी एन्झाइमने कापायची; ते रात्रभर कापतं, आपण वाट बघायची. मग ती सुकवायची. पुन्हा वाट बघायची. मग साखळ्यांची वजनं मोजणाऱ्या मशीनवर नंबर लागायची वाट बघायची. आमच्या मुख्य बाई प्रत्येक प्रश्नाला "थांबा" एवढंच म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना थांबा-बाई म्हणतो. अशीच थांबलेली असताना मला धुतलेल्या नळ्यांत पाण्याचे थेंब दिसले. आता तू आम्हाला वाढवलंस तेच मुळी "वापरायचं ते आधी पुसून घ्यावं" या एका वाक्यावर. मी टिश्यू पेपरची वळकटी केली आणि एकूण एक नळी आतून लख्ख पुसली. हात चालू असला की माझा जीव जरा थाऱ्यावर राहतो.

आणि मशीनच्या पडद्यावर काय यावं? आलेखात सारख्या अंतरावर एकामागून एक टोकं, अगदी शिडी. दुसऱ्या कुणाच्याही अंड्यात ती नव्हती. आमच्यातला 'पहिला नंबर' (त्याला सगळे तसंच म्हणतात, तोही म्हणतो) पांढराफटक पडला. थांबा-बाई त्या दिवशी थांबा म्हणाल्या नाहीत. मी बाहेर पळाले आणि तुला फोन केला. तुला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं हे विसरलेच, राग मानू नकोस. संध्याकाळी बाबांचा फोन आला: "नवीन साखर सापडली म्हणे!" दुकानाबाहेर त्यांनी फळाही लावला होता. त्यांचा इतका खुललेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून मी रडले.

दुसऱ्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणून मी पुसलेल्यांतल्याच एका नळीत नुसतं पाणी भरून ती मशीनमध्ये लावली. तीच शिडी. आता पाण्यात कुठून आली साखळी? मग डोक्यात प्रकाश पडला. कागद म्हणजे तरी काय, एकाच साखरेचे मणी ओवलेली लांबच लांब माळ. आत्या, मी जो शोध लावला होता, तो टिश्यू पेपरचा. कागदापासून पळाले ती थेट कागदावरच येऊन आपटले.

पाण्याची नळी माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. ते चित्र पुसून टाकता आलं असतं (पुसण्यात तर आपला हात कोण धरतो?), पण मला जेवण जाईना. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मी आधी तीच शिडी दाखवली आणि सांगितलं, ही अंड्यातली नाही, माझ्या पुसण्यातली आहे. 'पहिला नंबर' हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. थांबा-बाईंनी हसणं ओसरू दिलं आणि विचारलं, "नुसतं पाणी लावून बघायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही. रिकामं बसवत नव्हतं." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निकाल उद्या आहे.

तुझीच,
वळवळी

ता. क. खरं काम हे की बाबांना तू सांग. फळा लगेच उतरवायला लावू नकोस, आधी त्यांना पाणी दे.

दुसरा ता. क. राहू दे. बाबांचाच फोन आला, म्हणून सांगून टाकलं. मग म्हणाले, "कागदात साखर? म्हणजे आपल्याच मालात!" फळा उतरलेला नाही, त्यावरचा मजकूर तेवढा बदललाय. आता गिऱ्हाइकं विचारतात, वह्यांना मुंग्या लागतील का. नाही लागत म्हणून सांग.

शेवटचा ता. क. निकाल लागला. जागा मला मिळाली. थांबा-बाईंनी हात धरून माझी खुर्ची दाखवली: खिडकी नाही, समोर मशीन, आणि टिश्यूचा डबा खोलीबाहेर. म्हणाल्या, पुढची काही वर्षं इथेच बसायचं. आत्या, बाबांना सहज विचारून ठेव, गल्ल्यावर कुणाला घेतलं तर नाही ना?