वीराचं नाव कचरू

प्रिय बाबा,

इथं पुण्यात मी संगणकावरचा एक खेळ बनवलाय. जादूला बंदी असलेल्या राज्यात एक वीर कोंडलेलं तळं सोडवायला निघतो. अडला की मंत्र नाही, डोकं चालवायचं. आपल्या घरासारखंच.

कंपनीतले साहेब म्हणाले, "वीराचं नाव कचरू? अनिरुद्ध करा."

मी म्हटलं, "आधीची भावंडं दगावली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी माझ्या वडिलांचं नाव कचरू ठेवलं. त्याच माणसानं आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही. नाव हेच राहील."

राहिलं.

तुम्ही मात्र लाजेनं कचरू लपवून जन्मभर 'के. मेश्राम' अशीच सही केलीत. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, घेऊन स्वतःच येते आणि तुम्हालाच बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेते. तिथं दुकानातल्या पडद्यावर माझा खेळ चालू असतो, त्यासमोर गर्दी ओरडते, "चल कचरू, पुढं चल!" ते तुमच्या कानांनी ऐका.

तुमचीच,
प्रियदर्शनी कचरू मेश्राम