उजव्या पायातला खडा

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं, नि मला धड लिहिता येत नाय. चौथीत दोनदा बसलेला नाम्या पत्र लिहितोय म्हटल्यावर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. म्हनून ठरवलंय, लिहून झालं की ओट्यावर तुझ्या जागेजवळ बसून मोठ्यानं वाचनार. तू नुसतं ऐक. ऐकन्यात तुझा हात कोन धरनार?

तुला जाऊन तीन म्हयने होत आले. मंग आजच का लिहितोय? सकाळी तो बेलापूरचा टांगेवाला आला होता. तोच, पेढेवाला. त्याला दुसरं तट्टू घ्यायचंय. विकनारा रविवारी आपल्या ओट्यासमोर घेऊन येनार हाय. मला म्हनतो, "नाम्या, आता आत्याच्या जागेवर तूच बस. तुझ्या आत्यानं मागच्या टायमाला जसं ऐकलं ना, तसंच ऐक. मी काय इसरनार नाय तुला."

नि डोळा मारला! आत्या, तुझ्या नावानं त्यानं मला डोळा मारला!

मी हसलो. माझं तोंडच असं, काय झालं तरी आधी हसतं. मंग गोठ्यात जाऊन बसलो, ते दुपारी आई जेवायला हाका मारीपातूर.

तुला आठवतं, मला तू घोडं बघायला शिकवलंस ते? आधी हात. "दात बघ रे. मधले दोन पक्के, बाजूचे दुधाचे, म्हंजे तीन वर्षांचं. विकनारा पाच सांगंल. तू त्याच्या तोंडाकडं नको बघू, घोड्याच्या तोंडात बघ." मंग पुढच्या दोन पायांच्या मधे माझी मूठ घालायला लावायचीस. मूठ बसली नाय तर छाती अरुंद, पाय पायाला घासनार. मंग पायाच्या नळीवरनं हात खाली. "गार लागली पायजे. गरम लागली म्हंजे आत काय तरी शिजतंय." टांग्याला उंच, देखना घोडा तुला कधी पसंत पडला नाय. "लगनातल्या नवऱ्याला दे तो. टांग्याला ठेंगनं पायजे, आखूड पाठीचं, उखळासारखं भरलेलं."

आनि शेवटी कान. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तू रस्त्याकडं पाठ करून बसायचीस. समोरच्या काळ्या दगडांवरनं घोडं आधी चालवायचं, मंग दुडकं पळवायचं. तू खडे वेचत ऐकायचीस. सगळी पुरुषमानसं डोळे फाडून बघायची, नि तू त्यांच्याकडं न बघता सांगायचीस कुठला पाय लाजतो. हा तुझाच शब्द. दुखरा पाय लाजतो, हळूच टेकतो, डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. आतोबांच्या टांग्यात मागं बसून बसून तुला ते कळायला लागलं. ते गेले नि तू माहेरी आलीस. बा म्हनायचा, "माझी बहीन सासरवरनं दागिने नाय, कान घेऊन आली."

तू बोललीस की घेनारा नि देनारा दोघं गप. तू सांगशील तीच किंमत. त्याचे तू कधी कुनाकडनं सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाय!

मला तेच खुपत होतं का ग? म्हाईत नाय. मला एवढंच वाटायचं की ही म्हातारी खरंच ऐकते, का अंदाज मारते? मास्तरांच्या छत्रीत खेकडा सोडनारा पोरगा मी. मला राहवतंय होय?

तो करावे गावचा म्हादू आठवतो? मिठागरावर राबून त्यानं ते लालसर तट्टू शिंगरापासनं वाढवलं होतं. ते विकून त्याला होडी घ्यायची होती. हा बेलापूरचा टांगेवाला घेनार होता. तू हात लावून सगळं बघितलंस. दात, छाती, नळ्या. "पोटच्या पोरासारखं ठेवलंय रे," म्हनालीस तू म्हादूला. त्याचं तोंड असं फुललं! मंग तू सूप घेऊन पाठ केलीस, म्हादू नि टांगेवाला चहा प्यायला वळले, नि तट्टू धरायला उरलो मी.

अंगनातला एक खडा उचलला. उजवा पुढचा पाय वर घेतला नि नालेच्या आत, खुराच्या मऊ भागात दाबून बसवला. तट्टू काय बोललं नाय. किती गरीब होतं ते!

ते दोघं परत आले नि मी चालवलं. दुसऱ्याच फेरीला तुझा हात सुपात थांबला.

"उजवा पुढचा," तू म्हनालीस. "लाजतो."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाय सांगत, मला आनंद झाला! मला ओरडायचं होतं, "लोकहो, आमची आत्या खरी! हा बघा खडा!" मी ते सांगनारच होतो. त्यासाठीच तर केलं होतं सगळं.

पन म्हादूचं तोंड बघितलं मी. पांढरं फटक. टांगेवाला लगेच म्हनाला, "लंगडं? मंग अर्ध्यातच देनार असशील तर दे." म्हादू तुझ्याकडं बघत राहिला. तू म्हनालीस, "मला ऐकू आलं ते मी सांगितलं, बाबा." तुझ्या शब्दापुढं पाय उचलून बघायचं कुनाला सुचलं नाय. म्हादूनं लगाम टांगेवाल्याच्या हातात दिला नि मागं न बघता चालायला लागला.

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? चार थोबाडीत. एवढंच ना! पन मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या सांगायचं म्हनून किती उद्या गेले, आत्या?

खडा कुठं तरी वाटेतच पडला असनार. आठ दिवसांत ते तट्टू पनवेलच्या रस्त्यावर वाऱ्यासारखं पळायला लागलं. टांगेवाला पेढे घेऊन आला. "आत्या, तुमची किरपा! तुमच्यामुळं निम्म्यात गावलं." तू पुडा हातात धरून नुसती बसलीस. उघडलापन नाय. त्यातले तीन पेढे मी खाल्ले. ते पन आज सांगून टाकतो.

नि दुसऱ्या दिवशी म्हादू आला. अख्खी आळी जमली. "म्हातारे, तू घोडं ऐकत नायस. तू पैशाचा आवाज ऐकतेस! किती दिले ग त्यानं तुला?" बा काठी घेऊन धावला. तू बाला अडवलंस. म्हनालीस, "त्याचा काय गुना नाय. माझेच कान गेले असतील."

मी खांबामागं होतो. तुझ्यापासनं चार पावलांवर. तुला माझा श्वास ऐकू आला नाय का ग? घोड्याचा लाजरा पाय तुला कळतो, नि घरातला पोरगा लाजतोय ते कळलं नाय? का कळलं होतं, नि वाट बघत होतीस?

त्यानंतर कोन आलं नाय घोडं घेऊन. कोन म्हनायचं कान गेले, कोन म्हनायचं नियत गेली. तू तांदूळ निवडायला पन मागच्या दारी बसायला लागलीस.

मंग बानं ते काळं तट्टू आनलं. आपल्याच टांग्यासाठी. भरलेलं, ठेंगनं, मान कशी कमानीसारखी! बा म्हनाला, "बाय, एकदा ऐकतेस का?" तू म्हनालीस, "तुमचं तुमी बघा रे. माझ्या कानांवर नका जाऊ." हातसुद्धा लावला नाय तू त्याला. एकदा जरी तुझा हात गुडघ्यावरनं फिरला असता तर! पन पयल्या फेरीला हट्टानं येऊन बसलीस. मागच्या शिटेवर, घोड्याकडं पाठ करून. तेव्हा मला वाटलं, म्हातारीला टांग्यातनं मिरवायचंय. आता कळतंय. तू ऐकायला बसली होतीस.

बेलापूरच्या टेकडीचा उतार लागला. लगाम माझ्या हातात होता. मागनं तुझा आवाज आला.

"नाम्या, थांबव."

"का ग?"

"डावा पुढचा लाजतोय. खाली उतर. गुडघ्याला हात लावून बघ."

अख्ख्या गावाला वाटत होतं तुझे कान गेले. एकट्या मला म्हाईत होतं की ते शाबूत हायत! दुसरा कोन हाकत असता नि थांबला नसता, तर त्याला माफ होतं. मला कसलं माफ?

मला उतरायचा कंटाळा आला, आत्या. एवढंच कारन. कंटाळा. मी म्हनालो, "खडा असंल ग. उतार संपला की काढतो."

चाकं तेवढी वाजत होती. मंग तू हळूच म्हनालीस,

"खडा?"

मी तसाच हाकत राहिलो.

"म्हादूच्या तट्टूच्या पायात... नाम्या, त्या दिवशी पन खडाच होता का रे?"

तू रागावली नव्हतीस. ते जास्त वाईट होतं. तुझ्या आवाजात कसं तरी बरं वाटल्यासारखं होतं. आपले कान गेले नाय हे कळल्यासारखं.

नि मी चाबूक वाजवला. बा म्हनतो घोडं बुजलं. गाववाले म्हनतात त्याच्या कपाळावरचा भोवरा वाईट. घोडं बुजलं नाय. तुला उत्तर द्यायला लागू नये म्हनून मी चाबूक वाजवला, ते उतारावर उधळलं, नि डावा गुडघा दुमडून तोंडावर पडलं. टांगा आडवा झाला. तुझं डोकं कडेच्या धोंड्यावर होतं. मी "आत्या, आत्या" करत बसलो. तुझे डोळे उघडे होते, पन तू ऐकत नव्हतीस.

लोकं येईपातूर मी घोड्याचे गुडघे फडक्यानं पुसत होतो. का पुसत होतो ते विचारू नको, हातांना काय तरी पायजे होतं. फडकं काळं झालं. विकनाऱ्यानं तेलात काजळ कालवून फासलं होतं. खाली दोन्ही गुडघ्यांना जुन्या जखमांचे वन. आधी पन कितीदा तरी पडलेलं तट्टू! तू दोनदा ऐकलंस नि दोन्ही टायमाला खरी निघालीस. एकदा मी तुला खोटी पाडली, नि एकदा मारली.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. बानं हात जोडून काय काय कबूल केलं! घोडं विकून टाकीन. नाम्यावर हात उचलनार नाय. आईनं तुझ्या आवडीचं वाकटीच्या मासळीचं कालवन ठेवलं. कावळे झाडावर बसून बघत होते, माझ्याकडंच बघतात असं वाटलं. कुठली गोष्ट कबूल करायची हाय ते तिथं एकट्या मला म्हाईत होतं. मी पायानं रेती उकरत उभा राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. तुला उपाशी पाठवली मी.

नि आता तो डोळा मारतोय, आत्या. तू लबाड होतीस असं समजून, त्यासाठीच तो तुला मान देतोय!

तेव्हा ऐक. रविवारी मी तुझ्या जागेवर बसनार नाय. सकाळीच करावेला जाऊन म्हादूला घेऊन येनार. वाटेत मारंल मला. मारू दे, पन येऊ दे. माझ्या तोंडावर कोन इश्वास ठेवनार नाय. आयुष्यभर गमती केल्या, आता खरं बोलायला लागलो तरी लोकं हसतील. म्हनून नुसतं बोलनार नाय. टांगेवाला येईल तो म्हादूच्याच लालसर तट्टूला जुंपून. ते मी सोडनार. सगळ्यांना सांगनार, रस्त्याकडं पाठ करा, बा तू पन. मंग खडा दाखवून उजव्या पुढच्या पायात बसवनार नि दगडांवरनं दोनच फेऱ्या चालवनार. मंग काढनार नि परत चालवनार. ज्याला कान हायत त्याला कळंल त्या दिवशी तू काय ऐकलं होतंस. नि चाबकाचं बाला मी तिथंच सांगनार, सगळ्यांच्या देखत. हे कबूल.

तुझ्या सवालाचा जबाब मातर रविवारपातूर ठेवत नाय. उतारावर द्यायचा होता, तो आता देतो.

हो, आत्या. खडाच होता. उजव्यात. मीच घातला.

तुझा
नाम्या