पहिलारूंचा पेंढा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आधी कालच्या नोंदीतली चूक. मी लिहिलं आहे की ताई मला घ्यायला फाटकापर्यंत आली. ती आली नव्हती. फाटकावर तिच्या सासूबाई होत्या; ताई ओट्यावर खुर्चीत बसून हात हलवत होती. प्रवासभर मी मनात तिला फाटकावरच पाहत आले आणि वहीत तेच उतरलं. आम्हा दोघींना आईबाबांनी घरीच शिकवलं. चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची, हा बाबांचा नियम. ते दोघं गेले, नियम राहिला.

बाकी सगळं खरं आहे, आणि छान आहे. ताईला पाचवा महिना. बाळंतपण होईपर्यंत मी इथेच राहायचं, आणि मेंढ्यांच्या विण्याचे दिवस म्हणून गोठ्यातही हातभार लावायचा. सासूबाईंना मावशी म्हणायचं ठरलं. फार गमत्या बाई. माझी बॅग उचलून म्हणाल्या, दगड भरलेस की काय? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, मग दगडच की. भाऊजी कमी बोलतात, पण माझ्या खोलीतला डुगडुगणारा पलंग त्यांनी न सांगता नीट करून ठेवला होता.

गोठा लांबट, पत्र्याचा. साठ मेंढ्या. त्यातल्या बावीस पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या. दाराशी कोकरांच्या नाळेला लावायची आयोडीनची बाटली आणि खिळ्याला टॉवेल. तो मी आज धुतला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

एक पहिलारू गाभडली. दोन कोकरं. एक पूर्ण वाढलेलं, मेलेलं. दुसरं बोटभर, वाळून तपकिरी झालेलं, जुन्या चामड्याच्या पाकिटासारखं. मागून पडलेल्या वारेवर खसखशीएवढे पांढरे ठिपके होते.

मावशींनी ओला पेंढा गोणीत भरला आणि तोंड बांधलं. जाळायचा ना, असं मी विचारलं. म्हणाल्या, चांगला पेंढा कोण जाळतं, बाई?

सोमवार, ९ फेब्रुवारी

आणखी पाच गाभडल्या. गुरांचे डॉक्टर आले. मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात उतरणारा जंतू आहे म्हणाले. डोळ्यांना दिसत नाही. गाभण मेंढीला पहिल्यांदाच लागला की पोटातलं जातं. मेलेल्या कोकरात, वारेत, त्या पाण्यात तो भरलेला असतो, आणि बाईमाणसालाही तसाच लागतो. ताईकडे बोट करून म्हणाले, ह्यांनी गोठ्याच्या दारातसुद्धा यायचं नाही. नुसता हात तोंडाला लागला तरी पुरे.

मावशींनी विचारलं, पण एकदा लागून गेला की पुढची वेतं टिकतात, खरं ना? डॉक्टर म्हणाले, बहुतेक टिकतात. म्हणून तर काही जण नर सोडण्याआधी, पोट रिकामं असताना, पहिलारूंना त्या पेंढ्यावर ठेवतात. पण आधी. गाभण असताना कधीच नाही.

मावशींनी मान डोलावली. आधी आणि नंतर यात एवढा काय फरक, असं त्या चहा गाळताना स्वतःशीच म्हणाल्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताईच्या खोलीत गोठ्याचा वास येतो. मला वाटलं माझ्याच अंगाचा. तिच्याकडे जाण्याआधी तीनदा साबण लावते, कपडे बदलते, चप्पल बाहेर ठेवते. हातांना भेगा पडल्या आहेत. ताई म्हणते, तू जन्मजात संशयी, पाणीसुद्धा धुऊन प्यायची.

वास येतोच.

रविवार, १५ फेब्रुवारी

ताईची गादी उन्हात घातली. एका कडेची शिवण नवी होती. उसवली. आत काळपट, चिकटून वाळलेला पेंढा. त्यात पापुद्र्यासारखं काहीतरी, त्यावर पांढरे ठिपके.

मावशी शेंगा सोलत होत्या. नाकारलं नाही. हात थांबलासुद्धा नाही. माझ्या सासूने माझ्या गादीत भरला होता, म्हणाल्या. पाचव्यात गेलं. मग तीन झाले, तिघंही ठणठणीत. पहिलं देऊन टाकायचं, पोरी, म्हणजे रोग अंगवळणी पडतो. तुझ्या बहिणीचं वाईट मी चिंतीन का?

चिंतत नाहीत. रोज तिच्या पायांना तेल लावतात. तेच मला सहन होत नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, माझ्या आधी एक होतं. ते गेलं म्हणून मी आहे.

गाडीची किल्ली मागितली. दिली नाही.

गादी मी रिकामी केली, नवा कोरडा पेंढा भरला, स्वतः शिवली. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, ताबडतोब दवाखान्यात न्या, रक्त तपासा, औषध आहे, एकेक दिवस मोलाचा आहे. चाऱ्याचा ट्रक गुरुवारी, सव्वीसला येतो. डॉक्टरांची जीप दुरुस्तीला गेलेली, तोवर दुसरं काहीच वाहन नाही. चालत नेता आलं असतं तर—

शनिवार, २१ फेब्रुवारी

ताईला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. जाऊ गं गुरुवारी, म्हणाली. बाळ हलतंय.

एकूण एकोणीस गाभडल्या.

रविवार, २२ फेब्रुवारी

दुरुस्ती. बाळ हलतंय असं मी काल लिहिलं. ते ताईने सांगितलं. मी हात लावून पाहिलं नव्हतं. आज लावू का विचारलं. तिने पदर ओढून घेतला.

वास परत आला आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, दुपार

मावशी नव्हत्या.

भाऊजी नव्हते.

ताईच होती. गादी उसवून बसली होती. शेजारी पलंगाखालून ओढून काढलेली ती गोणी. माझा कोरडा पेंढा जमिनीवर, आणि ती मुठीमुठीने तो दुसरा— हात उघडे. सुई दातांत धरलेली.

मी ओरडले. ती म्हणाली, हळू. म्हणाली, मला लग्नाआधीपासून माहीत आहे. एकदाच द्यायचं, मग सगळी आपली. मला पुढे चारपाच हवीत गं, आणि त्यातलं एकही जायला नकोय. तू नाही समजणार.

मग तिने तोच हात माझ्या गालावरून फिरवला. लहानपणी अक्षर चांगलं आलं की फिरवायची, तसा.

संध्याकाळ

गाल चार वेळा धुतला.

ती जेवली. हात न धुता. मावशींनी तिला दुसऱ्यांदा वाढलं.

तिच्यामागे उभी राहून पोटावर हात ठेवला. तिला कळायच्या आत. हललं. खरंच हललं, माझ्या तळव्याखाली, दोनदा— हे मी स्वतः—

गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही. डॉक्टरांची जीप दुरुस्त होऊन आली आहे, ते ती घेऊन येतायत, फोनवर सगळं सांगितलं आहे. ताईला विचारणार नाही. ओरडली तरी, चावली तरी. उद्या. बुधवार, पंचवीस फेब्रुवारी, सकाळी आठ, मी तिला दोन्ही दंडांना धरून जीपमध्ये—