ओलेफिनं परतली का?

प्रिय बाबा,

रविवारच्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ओलेफिनं परतली का? माझी, श्रीरंगची, अनिकाची खुशाली त्यानंतर. आई असती तर म्हणाली असती, रिटायर झाले तरी मास्तरकी काही सुटत नाही. या रविवारी तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते.

नागपूरच्या शाळेत दुहेरी बंध शिकवताना तुम्ही मला आणि लतिकाला वर्गासमोर फुगडी घालायला लावली होतीत. दोन्ही हात धरलेले कार्बन म्हणजे ओलेफिन. एकेक हात सोडला की नवी मैत्रीण धरता येते, साखळी वाढते. मग हायड्रोजन म्हणून दोन आगाऊ मुली पाठवल्यात, त्यांनी आमचे सुटे हात गच्च धरले. आता कोणाला जागा नाही, खेळ संपला, म्हणालात. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. पण माझं सगळं संशोधन त्या फुगडीतूनच निघालं.

इथे अमेरिकेत, अर्विंगच्या लॅबमध्ये आम्ही तापलेल्या कोबाल्टवरून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सोडतो. धातूवर साखळ्या वाढतात. काही लहान असतानाच सुटून जातात, तीच ही ओलेफिनं. ती परत येऊन लांब साखळीत सामील होतात का, एवढंच मला बघायचं होतं. खूण केलेलं इथिलीन, म्हणजे सगळ्यात छोटं ओलेफिन, आत सोडलं. मंगळवारी निकाल आला. लांब साखळ्यांत खूण जवळपास कुठेच नाही. हायड्रोजनने हात धरले, सगळं इथेन होऊन बाहेर पडलं. लॅबमधली अदिती म्हणाली, "अगं यार, निगेटिव्ह रिझल्टचाही पेपर होतो." मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

त्याच दिवशी तुमची तब्येत ढासळल्याचा संग्रामदादाचा फोन आला. तेव्हापासून बॅग दाराशी भरून ठेवली आहे. व्हिसाचा अर्ज अडकलाय. वकील म्हणतात, बाहेर पडलात तर परत आत येण्याची खात्री नाही. मग श्रीरंग आणि अनिका इकडे, मी तिकडे. अनिका रोज त्या बॅगेवर बसून म्हणते, "मॉम, जस्ट गो ना! आजोबा आर वेटिंग." मी तिला काय सांगू? येता येत नाही, असं सगळ्यांना सांगते. ते खरं नाही, बाबा. येता येतं, आणि मी येत नाहीये. तुमच्या उशाशी बसायला जीव तुटतोय, तरी येत नाहीये.

डॉक्टरांनी तुम्हाला घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ मला कळतो. दादा उद्या हे तुमच्या कानाशी वाचणार आहे. फोनवर माझा आवाज टिकला नसता, म्हणून लिहिलं. आणि दादा, तू आधी स्वतः वाचशीलच. मंगळवारचा निकाल गाळ. बॅगेचंही गाळ. फुगडी तेवढी सावकाश वाच. आणि बाबांनी डोळे उघडून विचारलंच, तर सांग, परतली.

तुमचीच,
रेणू