स्वतःच्याच मुलीला शाळेतून घरी नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शाळा संगणकीकरण कक्ष

विषय : फाटकावरील पडदायंत्रामुळे काढून घेतलेला, मुलीस घरी नेण्याचा अर्जदाराचा हक्क परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची प्रतिबंधाची नोटीस.
२) अर्जदाराचे याआधीचे दोन अर्ज, ज्यांची पोचही मिळालेली नाही.

महोदय,

१. अर्जदार जन्मापासून अंध आहे. न्यायालयातल्या जबान्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून ती टंकलिखित करणे हा तिचा व्यवसाय आहे. तिचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि हा अर्जही तिने स्वतःच टाइप केला आहे. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण, मागच्या भेटीत आपल्या कक्षातील साहेब अर्जदाराला सोडून तिच्या जाऊबाईंना विचारत होते, "यांना काय हवंय?" यांना काय हवे आहे ते खाली लिहिले आहे.

२. अर्जदाराची मुलगी पहिलीत आहे. घरी तिला ठकी म्हणतात. मागच्या सत्रापर्यंत शाळा सुटली की अर्जदार फाटकाशी उभी राहून हाक मारीत असे, ठकी धावत येत असे आणि वर्गाच्या बाई "न्या हो, आज फार बडबड केलीय" असे सांगून तिला सोडत असत. मग आपले यंत्र आले. आता गुळगुळीत काचेवर वर्गातल्या सगळ्या मुलांचे फोटो येतात आणि पालकाने आपल्या मुलाच्या फोटोवर बोट ठेवायचे असते. सुरक्षेसाठी फोटो दर वेळी जागा बदलतात. यंत्र बोलत नाही. अर्जदाराने ठकीचा फोटो कधी पाहिलेला नाही. ठकीला मात्र ती रोज पाहते, हातांनी.

३. यंत्रावर "दिव्यांगांसाठी सुलभ" अशी पट्टी चिकटवलेली आहे, असे वॉचमनकाका सांगतात. सुलभ म्हणजे अक्षरे मोठी आणि पिवळी होतात. ती मोठी करण्याचे बटणही काचेवरच, कोपऱ्यात, एक चित्र म्हणून आहे. आपल्या संकेतस्थळावरचा चाचणी अहवाल अर्जदाराने ऐकला. ज्या अभियंत्याने पडद्यावर फोटो मांडले, त्याच्याच डोळ्यांना रुमाल बांधून चाचणी घेतली गेली. तेव्हा फोटो जागा बदलत नव्हते, ती सुधारणा नंतरची. गृहस्थाने बरोबर फोटोवर बोट ठेवले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि अहवालात लिहिले गेले, "अंध वापरकर्ता यशस्वी." साहेब, डोळ्यांना रुमाल बांधलेला माणूस अंध नसतो. त्याने रुमाल बांधलेला असतो. एखाद्या खऱ्या अंध माणसाला बोलवावे, हे एवढ्या मोठ्या कक्षात एकालाही सुचू नये?

४. यंत्र लागले त्या आठवड्यात वॉचमनकाका अर्जदाराचे बोट धरून फोटोवर टेकवीत असत. एके दिवशी उन्हाची तिरीप काचेवर आली, मागे पालक खोळंबले होते, आणि काकांनी बोट शेजारच्या फोटोवर टेकवले. यंत्राने नोंद केली : "अन्य पाल्यास नेण्याचा प्रयत्न". अर्जदाराच्या नावापुढे तांबडी खूण पडली आणि तिला कायमची बंदी झाली. चूक काकांची स्वतःची होती, असे सांगायला ते आपल्या कक्षात आले. त्यांना उत्तर मिळाले, "कारण लिहायला यंत्रात जागा नाही."

५. तक्रार ॲपवरच करावी, अशी सूचना झाली. ॲप म्हणते, आधी आपण माणूस असल्याचे सिद्ध करा, सायकल असलेली चित्रे निवडा. म्हणजे आपल्या कक्षाच्या लेखी अर्जदार आई तर नाहीच, माणूससुद्धा नाही. ॲपमधल्या बाकीच्या बटणांनाही नावे दिलेली नाहीत, त्यामुळे फोन नुसते "बटण, बटण, बटण" असे वाचत सुटतो.

६. "डोळस माणूस सोबत आणा" हा आपला सल्ला. अर्जदाराचे पती मालवाहू गाडी चालवतात आणि आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतात. त्यामुळे अर्जदाराऐवजी फोटोवर बोट ठेवायला जाऊबाई रोज शिवणाचे दुकान अर्ध्यावर टाकून येतात आणि ते बोलूनही दाखवतात. त्यांचेही बरोबरच आहे. परवा त्यांना उशीर झाला. आई फाटकाबाहेर, मुलगी फाटकाआत. ठकीने गजांतून हात बाहेर काढून अर्जदाराचे बोट धरले आणि विचारले, "आई, मशीन म्हणतं तू मला ओळखत नाहीस. खरं का गं?" अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. तो अजून शमलेला नाही आणि शमावा अशी तिची इच्छाही नाही.

७. मागण्या अशा : बंदी उठवावी आणि ती तांबडी खूण पुसावी. यंत्राला आवाज द्यावा. शेजारी हाताला लागतील अशा उंचवट्यांच्या आकड्यांची कळपट्टी बसवावी, म्हणजे मुलाचा क्रमांक दाबता येईल. ॲपमधल्या बटणांना नावे द्यावीत. वर्गाच्या बाईंना यंत्राचा निर्णय फिरवण्याची मुभा असावी. आणि पुढची चाचणी ज्यांच्यासाठी आहे त्यांना बोलावून घ्यावी. रुमाल आपल्याकडेच ठेवावा.

८. आपले उत्तर येवो न येवो, येत्या सोमवारी शाळा सुटल्यावर अर्जदार फाटकाशी येईल. काचेला हात लावणार नाही. ठकीला हाक मारील आणि ती आली की हात धरून घरी नेईल. तिला अडवायचे असल्यास आपण जातीने यावे, वॉचमनकाकांना पुढे करू नये. ठकी आपल्या दोघांच्या मध्ये उभी असेल. ही तुझी आई नाही, असे आपण तिला तोंडाने सांगावे.

सोबत : मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, प्रतिबंधाच्या नोटिशीची प्रत, वॉचमनकाकांचा लेखी जबाब.

दिनांक : शुक्रवार, शाळा सुटल्यानंतर

नम्रपणे दोनदा लिहून झालेली,
(सही)
ठकीची आई